भरलेल्या तळ्याचा सांडवा

गोंदियाच्या एका दवाखान्यात आईच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली होती. आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टर तिची माहिती भरून घेत होती. वय, साखर, रक्तदाब, आधीची दुखणी. मग तिनं विचारलं, "किती बाळंतपणं झाली, आजी?"

"तीन," आई म्हणाली.

मी शेजारीच उभी होते. "दोन," मी दुरुस्ती केली. "मी आणि माझा धाकटा भाऊ."

आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टरलाच म्हणाली, "तीन. पयली पोरगी होती. नऊ दिवसाची होऊन गेली."

डॉक्टरनं मान खाली ठेवूनच लिहिलं: बाळंतपणं तीन, हयात मुलं दोन. दवाखान्याच्या टिपणात ही रीतच असते. दिवस किती वेळा राहिले, बाळंतपणं किती झाली आणि मुलं किती जगली, हे आकडे वेगवेगळे मांडतात. पोटात वाढलेलं प्रत्येक मूल त्या हिशेबात धरलं जातं, मग ते पुढे जगो न जगो. आमच्या रेशन कार्डावर ती मुलगी नव्हती, घरातल्या एकाही फोटोत नव्हती, बोलण्यात तर कधीच नव्हती. मला एक मोठी बहीण होती हे चाळिशी उलटल्यावर मला एका छापील कागदामुळे कळलं.

गोंदियाहून आमचं आमगाव जेमतेम पंचवीस किलोमीटर. शस्त्रक्रिया नीट झाली, आम्ही घरी आलो. चार दिवसांनी मी विषय काढला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "कायले काढतेस आता ते? झालं न."

ते 1981 सालच्या पावसाळ्यातलं होतं. आई तेव्हा वीस वर्षांची. त्या वर्षी भारतात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 110 बाळं पहिला वाढदिवस न पाहता गेली. म्हणजे दर नऊ बाळांमागे एक. 2020 साली हाच आकडा 28 वर आला होता, महाराष्ट्रात 16 वर. ही मोठी कमाई आहे, आणि तिच्यात आपल्या शेजारच्या गडचिरोलीचा वाटा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेतर्फे गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि त्यातून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे 2001 साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. त्यानं दाखवून दिलं की महाराष्ट्रात मुलांचे जेवढे मृत्यू होतात त्यांतले पुष्कळसे सरकारी नोंदवहीत पोचतच नाहीत.

पण त्या नऊतल्या एकाच्या आईचं पुढे काय झालं, हे कोणी मोजलं नाही. दर गल्लीत अशी एखादी बाई होती, म्हणून हे दुःखही रोजच्यातलं, म्हणजे हलकं, असं धरलं गेलं. "तरुण आहेस, अजून होतील" हे वाक्य आईला त्या महिन्यात किती जणींनी ऐकवलं असेल! बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. तिला मात्र त्यातून एकच कळलं, की रडायचं नाही.

रूढीनंही तिला आधार दिला नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दोन वर्षांच्या आतल्या मुलाबद्दल नियम सांगितला आहे. त्याला गावाबाहेर मातीत ठेवावं, अग्नी देऊ नये आणि पाणीही देऊ नये. यामागचा विचार निर्दय नाही. एवढ्याशा जिवाला कर्म चिकटलेलं नाही, त्याच्या वाटेला आपल्या विधींची गरज नाही, अशी त्यामागची समजूत. पण विधी जाणाऱ्यासाठी असतात तितकेच मागे राहणाऱ्यांसाठीही असतात. मोठं माणूस गेलं की सुतक लागतं, दहावा होतो, तेरावी होते, पाहुणे येतात, शेजारचं घर जेवण पाठवतं. बाया हेल काढून रडतात, आणि त्या रडण्यात गेलेल्या माणसाची सगळी कहाणी गुंफतात: कसा होता, काय खायचा, कुणाचं देणं ठेवून गेला. तेरा दिवस अख्खं गाव त्या घराला सांगत असतं की तुमचं काहीतरी मोठं गेलं आहे, आम्हाला ठाऊक आहे. माझ्या बहिणीसाठी यातलं काही झालं नाही. तिची छठी झाली होती, नाव ठेवायचं राहिलं होतं. नवव्या दिवशी पहाटे आजोबा आणि माझे वडील तिला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले आणि उजाडायच्या आत परत आले. आई बाळंतिणीच्या खोलीत होती. कुठं नेलं हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिनंही कधी विचारलं नाही.

अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 साली अशा दुःखाला एक नाव दिलं. मराठीत त्याला 'हक्क नाकारलेला शोक' म्हणता येईल. नुकसान खरं असतं, पण समाज त्याला नुकसान मानत नाही, म्हणून त्या माणसाला शोक करायची मुभाच मिळत नाही. गर्भपात, मृत जन्मलेलं बाळ, जगाला ठाऊक नसलेल्या नात्यातला मृत्यू, हे सगळं त्यात येतं. गंमत पाहा, आपला कायदा या बाबतीत रूढीच्या पुढे होता. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं मृत जन्मलेल्या बाळाचीही नोंद करायला सांगितली आहे. जपानमध्ये तर अशा बाळांसाठी देवळांच्या आवारात जिझो या बोधिसत्त्वाच्या लहान दगडी मूर्ती मांडतात, त्यांना लाल लाळेरी आणि विणलेल्या टोप्या घालतात. रांगेनं उभ्या त्या मूर्तींची छायाचित्रं पाहिली तेव्हा मला वाटलं, आईला अशी एखादी जागा तरी हवी होती.

शरीराला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध उतरू लागतं, आणि नवव्या दिवशी ते भरात असतं. बाळ नाही हे मेंदूला कळतं, स्तनांना कळत नाही. दूध पान्ह्यानं वाहतं ते ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे, आणि बाळानं ओढण्याचीही वाट न पाहता नुसत्या रडण्याच्या आवाजानं ते सुटू शकतं. आईनं पुढे कधीतरी मला सांगितलं की शेजारचं लेकरू रडलं की तिचा पदर ओला व्हायचा. घट्ट फडकं बांधून ती कोपऱ्यात बसायची. सगळ्यांना वाटायचं लेक गेली म्हणून रुसली आहे. ती दूध थांबायची वाट पाहत होती.

आणखी एक गोष्ट मला वाचनात सापडली आणि ती मी आईला सांगितली. गर्भातल्या बाळाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात जातात आणि तिथेच राहतात. डायना बियांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली दाखवलं की मुलाला जन्म दिल्यावर 27 वर्षांनीसुद्धा आईच्या रक्तात त्याच्या पेशी सापडतात. मुलग्याच्या पेशी शोधणं सोपं, कारण त्यांत वाय गुणसूत्र असतं. मुलीच्या पेशी आईच्या पेशींत सहज ओळखू येत नाहीत. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे असंन मंग." असेल मग.

हे सांगण्याआधी मी एक चूक करून बसले होते. मोबाइलवर शोकाच्या पाच पायऱ्या वाचल्या होत्या: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. आई कुठल्या पायरीवर अडकली आहे ते शोधायला मी निघाले. रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून विचारायची: राग आला होता का? कोणाचा? बाबांशी बोललीस का? आई उठून आत जायची. तिचा रक्तदाब वाढला, माझाही धीर सुटला. नंतर कळलं की एलिझाबेथ कूब्लर-रॉस यांनी 1969 साली त्या पायऱ्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ती शिडी मुळात नव्हतीच, लोकांनी ती मागाहून तिकडे लावली. जॉर्ज बोनॅनो यांच्यासारख्या अभ्यासकांनी तर असंही दाखवलं आहे की पुष्कळ माणसं फारसं न रडता, न मोडता पुढे जातात आणि त्यात खोटं काही नसतं. प्रत्येक गप्प माणसाच्या आत फुटायला आलेलं काहीतरी असतंच असं नाही. उघडायचं की नाही हे त्या माणसानंच ठरवायचं असतं. माझ्या आईनं 'तीन' म्हणून ते ठरवलं होतं. मी मात्र पुढचं दारही माझ्याच हातानं ढकलायला गेले.

मला वाट सापडली ती घराजवळच, आणि ती बाराशे-तेराशे वर्षं जुनी आहे.

आमगावात भवभूती महाविद्यालय आहे. ते नाव इथं का, हे आमच्याकडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. संस्कृत नाटककार भवभूती आठव्या शतकातला. आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत तो आपलं गाव सांगतो: दक्षिणापथात, विदर्भात, पद्मपूर. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आणि आईचंही नाव तो आवर्जून सांगतो, जातुकर्णी. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं ठरवलं. वाकाटकांचा एक अपुरा ताम्रपट तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यात सापडला, तो पद्मपुराहून दिलेला आहे, हाही त्यांचा एक आधार. पुढे भवभूती कनौजच्या यशोवर्म्याच्या दरबारी गेला असं कल्हण सांगतो. पण करुणरसाचा हा सर्वांत मोठा कवी या धानाच्या मुलखातला, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याचं 'उत्तररामचरित' हे नाटक म्हणजे दाबून ठेवलेल्या दुःखाचाच अभ्यास आहे. गरोदर सीतेला रामानं टाकलं त्याला बारा वर्षं झाली आहेत. राजा म्हणून त्याला रडता येत नाही, कारण टाकणारा तोच. म्हणजे त्याच्याही शोकाला हक्क नाही. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तमसा आणि मुरला या दोन नद्या बोलत असतात. मुरला रामाच्या दुःखाला पुटपाकाची उपमा देते. वैद्य औषध मातीत लिंपून, तोंड बंद करून विस्तवात ठेवतात. बाहेरून काही दिसत नाही, आत सगळं शिजत असतं. मी हे वाचलं आणि शेजारचं लेकरू रडताना कोपऱ्यात बसलेली वीस वर्षांची आई मला दिसली.

मग राम पंचवटीत येतो. सीतेची मैत्रीण वासंती त्याला जुन्या जागा दाखवते, टोचून विचारते, आणि तो कोसळतो. सीता अदृश्य रूपात तिथंच उभी आहे, सगळं ऐकते आहे. वासंतीनं त्याला एवढं का रडवावं, असं तिला वाटतं. तेव्हा वडीलधारी तमसा लेकीला समजवावं तसं तिला समजावते: तळं काठोकाठ भरलं की पाणी बाहेर जायला वाट ठेवणं हाच उपाय, आणि शोकानं भरलेलं हृदयही बोलून, विलाप करूनच तगतं. नदीच्या तोंडी तळ्याचा दृष्टांत! आमच्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही. भंडारा-गोंदिया हा तळ्यांचाच मुलूख. कोहळी समाजानं बांधलेले तलाव, कोलू पाटलाचा नवेगावबांध, आणि गावोगावचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आता सगळे 'मामा तलाव' म्हणतात. ही तळी भवभूतीच्या कित्येक शतकं नंतरची. पण भरलेल्या तळ्याचं भय तेव्हाही तेच असणार.

सांडवा काय काम करतो हे मी लहानपणापासून पाहत आले होते, तरी त्याचा अर्थ या वाचनानंतर लागला. सांडवा तळं रिकामं करत नाही. पाळीच्या माथ्यापेक्षा तो थोडा खाली असतो. जास्तीचं पाणी तिथून निघून जातं म्हणून पाळ फुटत नाही, आणि पाळ फुटत नाही म्हणून तळ्यात पाणी राहतं. त्या पाण्यावरच पुढे धान पिकतं.

पाश्चात्त्य मानसशास्त्राला हे पटायला बराच वेळ लागला. 1917 साली फ्रॉइडनं शोकावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं हे शोकाचं काम, असा त्याचा सूर होता. म्हणजे तळं उपसून टाकायचं. जानेवारी 1920 मध्ये त्याची लाडकी मुलगी सोफी साथीच्या तापानं गेली. 1929 साली, ती असती तर छत्तीस वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्यानं एका मित्राला पत्र लिहिलं. तीव्र शोक ओसरतो, पण ती जागा कधी भरून निघत नाही आणि तसंच असायला हवं, अशा अर्थाचं ते पत्र आहे. शास्त्रज्ञ फ्रॉइडपेक्षा मला हा बाप जास्त खरा वाटतो. 1996 साली डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तकच लिहून सांगितलं की गेलेल्याशी नातं तोडणं हे शोकाचं ध्येय नव्हेच, ते नातं नव्या रूपात चालूच राहतं. 1999 साली नेदरलंड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी आणखी एक गोष्ट मांडली. शोकातलं माणूस येरझाऱ्या घालत असतं, घडीभर दुःखाकडे, घडीभर कामाकडे, आणि दोन्ही बाजू आवश्यक असतात. आईचं उठून आत जाणं, भाजी चिरायला घेणं, हे पळणं नव्हतं.

शोक कधी आजारही होतो, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत 'लांबलेला शोक' आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ ओढ आणि वेदना इतकी तीव्र राहते की जगणं थांबतं, तेव्हा उपचार लागतात आणि ते उपलब्ध आहेत. 'टेली मानस'च्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आईचं जगणं थांबलं नव्हतं. तिनं दोन मुलं वाढवली, रोवणीला वाकली, सासूसासऱ्यांचं केलं. फक्त माझ्या लहानपणी ती रात्ररात्र माझ्या छातीवर हात ठेवून झोपायची, श्वास चालू आहे ना हे पाहत. मला आठवतं ते ओझं. मी त्या बहिणीनंतरचं पहिलं मूल. दगावलेल्या भावंडामागून आलेल्या मुलांवरही अभ्यास झाले आहेत. चित्रकार व्हॅन गॉग त्यांतला सर्वांत ठळक. 30 मार्च 1852 ला त्याच्या आईला मृत मुलगा झाला, त्याचं नाव व्हिन्सेंट ठेवलं. बरोबर एक वर्षानं, त्याच तारखेला, हा जन्मला आणि तेच नाव त्याला मिळालं.

प्रश्न विचारणं मी बंद केलं. संध्याकाळी तिच्यासोबत सूप घेऊन तांदूळ निवडायला बसू लागले. हात कामात आणि नजर खाली असली की बोलणं सोपं जातं, हे मला तिच्याकडूनच कळलं. समोरासमोर बसलं की ती गप्प व्हायची, शेजारी बसलं की बोलायची. कितीतरी दिवस काहीच नाही. मग एकदा खडा बाजूला टाकताना ती म्हणाली, "केस लय होते तिचे." मी काही विचारलं नाही. "हो?" एवढंच म्हटलं. दोन दिवसांनी ताप आल्याचं सांगितलं. आठवड्यानं दुधाचं. आणि मग एका दुपारी तिनं नाव सांगितलं. बारशाची वाट न पाहता तिनं मनात ठेवलेलं नाव, जे तिनं बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं. ते इथं लिहायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.

बाबा आता नाहीत. कुठं ठेवलं होतं हे काकांना माहीत निघालं. आमच्या जुन्या गावच्या तलावाच्या पाळीखाली, मोहाच्या झाडापाशी. मी आईला विचारलं, जायचं का? ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. पोळा झाल्यावर एका सकाळी तीच तयार होऊन ओसरीवर बसली होती.

मोहाचं झाड राहिलं नव्हतं. काकांनी हातानं साधारण जागा दाखवली आणि ते लांब जाऊन उभे राहिले. आई तिथं फार थांबली नाही. पाळीवरून चालत ती सांडव्याकडे गेली. तलाव भरला होता, पाणी दगडांवरून पातळ पसरून खालच्या बांध्यांकडे जात होतं. ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन खाली वाकली, ओंजळ भरली, आणि ते नाव घेऊन पाणी सोडलं. तीनदा.

मग पदराला हात पुसत आभाळाकडे पाहून म्हणाली, "चाल न आता. पानी येते."